निताईची मूठ

अमळनेरात नवा सिनेमा लागला की तो आधी कौतिकच्या तोंडून लागायचा आणि मग पडद्यावर. टांग्याच्या दोन्ही अंगांना चित्रं बांधलेली, घोडं मेटाकुटीला आलेलं, आणि पुढच्या बाकावर पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून बसलेला कौतिक. बॅटरीवरचे कर्णे तोवर धुळ्या-जळगावात सर्रास झाले होते, पण कौतिकला त्यांचा तिटकारा. त्यातून बोललं की सगळी माणसं सर्दी झाल्यासारखी बोलतात, असं त्याचं मत होतं. ज्याची जाहिरात करायची तो सिनेमा त्याने क्वचितच पाहिलेला असे. तरी हुंदका कुठे आणि मारामारी कुठे हे तो असं रंगवून सांगायचा की तिकीट काढून आत गेलेली माणसं पुष्कळदा हिरमुसून बाहेर यायची.

सिनेमा नसेल तेव्हा देवीची लस टोचणारे आलेत, कुणाची म्हैस हरवलीय, कापडाच्या दुकानात दिवाळीचा माल उतरलाय, जे येईल ते. धंद्याला लागणारा आवाज देवाने भरभरून दिला होता, पण त्याला झाकण द्यायला देव विसरला. समोर चार माणसं जमली की पोटातलं ओठावर आलंच म्हणून समजा. कौतिकच्या कानात सांगितलं काय आणि चौकात सांगितलं काय, एकच, असं घरचेच म्हणायचे. माणूस मात्र मेणासारखा मऊ. त्याने जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही, म्हणून तर पुढचं सगळं सांगताना जीव चुटपुटतो.

एकाहत्तर साली पूर्व बंगालातून माणसांचे लोंढे आले. त्यांच्या छावण्या इथून शेकडो कोस लांब. पण छावणीत बसून बसून काहीजण कंटाळले, सुरतेच्या गिरण्यांत काम मिळतं अशी आवई त्यांच्या कानावर गेली, आणि रुळांच्या आधाराने ते पश्चिमेकडे सरकू लागले. तिकीट नसल्यामुळे त्यांतले थोडे अमळनेरला उतरवले जात. प्रकाशचंद शेट म्हणून कापडाचे व्यापारी होते, त्यांनी मदत समिती काढली. कौतिकने टांगा फिरवला, आणि भाकऱ्या, जुनी लुगडी, तांब्या-पितळेची भांडी यांचा स्टेशनवर ढीग पडला. गाव भारल्यासारखं झालं होतं. खुद्द पोलीस शिपाई दोघातिघांना हाताला धरून समितीच्या चुलीपाशी आणून सोडत आणि जाता जाता चहा पिऊन जात. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे सरकारने ते ठेवलं नाही.

त्या चुलीवर भाकऱ्या थापायला धुरपदाबाई असायची. कौतिकच्या चुलतभावाची ही विधवा. बोरी नदीपलीकडे पैलाडला एका खोलीत राहायची, गोधड्या शिवून पोट भरायची. मूल जगलं नव्हतं. छातीत दमा, थंडी पडली की उशाला टेकून रात्र काढायची, पण तोंडातून गाऱ्हाणं म्हणून निघायचं नाही. कौतिक तिला वहिनी म्हणे आणि मनातून जरा वचकून असे.

एक दिवस गाडीतून निताई उतरला. उतरला कसला, उतरवला. अंगात ताप फणफणलेला. जातीचा विणकर, बाप आणि बायको दोघं वाटेतच गेलेली. समितीच्या मांडवात हा मरेल असं म्हणून धुरपदाबाईने त्याला हातगाडीवर घालून घरी नेला. तो जगला. उठून बसता येऊ लागलं तशी त्याने न विचारता सुई हातात घेतली, आणि बाईच्या गोधड्यांना अशी काठाची शिवण घातली की गिऱ्हाइकं नाव काढू लागली. वर्षभरात तो खानदेशी बोलायला लागला, मोडकीतोडकी, पण बोलायला लागला. तिला माय म्हणायचा, कौतिकला काका.

लढाई संपली आणि हुकूम सुटला की आलेल्यांनी आता आपल्या देशी परत जावं. समितीने चूल विझवली. निताईही इतरांबरोबर स्टेशनवर गेला आणि गाडी सुटण्याआधी माघारी आला. दारात उभा राहून, तिकडे माझं आहे कोण, एवढंच म्हणाला. धुरपदाबाईने ताट वाढलं. त्यानंतर कुणी विचारलं तर ती, हा माझा वऱ्हाडातला भाचा, असं सांगायची. पैलाडात त्यावर कुणाचाच विश्वास नव्हता आणि कुणाची हरकतही नव्हती.

श्रावण आला. खानदेशची देवी कानबाई बसायची वेळ झाली. ज्याला खानदेश ठाऊक नाही त्याला रोट काय हे सांगायला हवं. कानबाईच्या सणाला भावकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. तो घरी असो, मुंबईला असो की पलटणीत, त्याचं नाव घेऊन मूठ पडते. ते गहू एकत्र दळायचे, त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे आणि ते भावकीनेच खायचे. परक्याला त्यातला घास नाही. पोर जन्मलं की मूठ वाढते, माणूस मेला की मूठ काढतात. कोण आपला आणि कोण नाही याचा निवाडा यापलीकडे नाही.

बहात्तरचं ते वर्ष. पावसाने तोंड फिरवलेलं, गहू सोन्याच्या मोलाचा. धुरपदाबाईने सुपात एकेका नावाने मुठी टाकल्या आणि शेवटी म्हणाली, निताई. भावकीत चुळबुळ झाली. एक म्हातारा घसा खाकरून काही बोलणार तोच कौतिकने खणखणीत आवाजात ते नाव पुन्हा उच्चारलं, आणि कौतिकने मोठ्याने म्हटलं म्हणजे गोष्ट पक्की, ही गावची रीत. मूठ पडली. जेवताना कौतिकनेच निताईला समजावलं की आता तू कुठल्याही मुलखात जा, तुझी मूठ इथे पडणार. ती काढायची तर तुला मरावं लागेल. निताईने रोट कपाळाला लावला आणि मग खाल्ला.

दिवाळीच्या सुमारास पोलीस आले. वरून हुकूम होता म्हणे, की राहिलेले हुडकून काढा आणि त्यांना ठेवून घेणाऱ्यांवरही खटले भरा. निताईला कोठडीत टाकलं. धुरपदाबाईला जामीन मिळाला, पण तिच्यावर खटला उभा राहिला, आणि समितीतल्या आणखी चौघापाचजणांना नोटिसा आल्या. कालपर्यंत समितीचा चहा पिणारे शिपाईच त्या घेऊन आले. एकाने जाताना मान खाली घातली, एवढी काय ती माणुसकी.

प्रकाशचंद शेट डगमगले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी वकील दिला आणि खटल्यांविरुद्ध चळवळ उभी केली. धुरपदाबाईला शिक्षा झाली तर उद्या या जिल्ह्यात तहानेल्याला पाणी पाजायला कुणी पुढे येणार नाही, असं ते सभेत म्हणाले. अर्ज लिहिले गेले, सह्या-अंगठे घ्यायचे ठरलं. आणि बाजार फिरायला कौतिक निघाला. वहिनीचा दमा त्याला माहीत होता. तुरुंगातला हिवाळा तिच्याच्याने निघणार नाही, हेही त्याला दिसत होतं. त्याने सिनेमाची कामं सोडली आणि तो तिच्यासाठी ओरडू लागला.

सुरुवातीला कुणी ढुंकून पाहिलं नाही. आसरा देणं हा गुन्हा नव्हे, असं शेटजींनी घालून दिलेलं वाक्य तो पारोळ्याच्या बाजारात घसा फुटेस्तोवर म्हणाला. दुष्काळाने गांजलेली माणसं. कोण कुठला बंगाली, आम्हाला रेशनची लाल मिलो ज्वारी खावी लागतेय त्याचं काय, असं म्हणत निघून जायची. एक म्हातारी मात्र टांग्यापाशी रेंगाळली आणि विचारती झाली, त्या बाईचा हा लागतो तरी कोण? कौतिकच्या पोटातलं ओठावर आलं.

"मायबहिनीसहोन, आयका," तो भोंग्यातून म्हणाला. "मन्ही वहिनीनी कानबाईना रोटम्हा त्याना नावनी मूठ टाकी. मी सोता तो रोट खादा. ज्यानी मूठ रोटम्हा पडनी, तो परका कसा व्हई?"

बाजार थबकला. जे अर्जाला, कायद्याला, माणुसकीच्या गोष्टींना जमलं नव्हतं ते त्या एका मुठीने केलं. बायका डोळ्यांना पदर लावून अंगठे द्यायला पुढे आल्या. पुरुष एकमेकांना म्हणाले, मूठ पडली म्हणजे संपलंच की, आता पोरगा तिचाच. मग कौतिकला थांबवतो कोण? धरणगाव, चोपडा, शिरपूर, थेट धुळ्यापर्यंत तो मूठ सांगत फिरला. दर बाजाराला त्यात थोडी भर पडे. मूठ टाकताना कानबाईच्या मुखवट्यावरचं फूल उजवीकडून पडलं, देवीने कौल दिला, इथवर मजल गेली. लोकांनी टांग्याला हार घातले. आयुष्यात पहिल्यांदा कौतिक स्वतःच्या गोष्टीसाठी बोलत होता, आणि ती खरी होती. तो हवेत होता. गर्दीत साध्या कपड्यातला हवालदार उभा असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

वकील जळगावहून परतले तेव्हा त्यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी कौतिकला बोलावून घेतलं, आणि ते रागावले नाहीत याचीच कौतिकला भीती वाटली. त्यांनी शांतपणे सांगितलं की आसरा देणं गुन्हा नाही हे खरंच आहे, पण लपवणं गुन्हा आहे. बाई अडाणी आहे, समितीने सोपवलेला आजारी माणूस तिने समितीचाच म्हणून सांभाळला, त्याला जायचा हुकूम आहे हे तिला कळलं नाही, असा सगळा बचाव त्यांनी बांधत आणला होता. बाई त्याला भाचा म्हणून सांगायची, हे शेजारी कोर्टात बोलणार नव्हते. आणि आता तिने त्याला रीतसर घरचा करून घेतला, भावकीत मिसळून टाकला, हे अर्ध्या जिल्ह्याला ओरडून सांगून झालं होतं. सरकारी वकिलांनी साक्षीदार म्हणून कौतिकलाच समन्स काढलं होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

मग वाट काय, असं कौतिकने विचारलं. एकच आहे, वकील म्हणाले. मूठबीठ काही नव्हती, गर्दी जमावी म्हणून मी रचून सांगितलं, असं साक्षीत म्हणायचं. तुमचा धंदा सगळ्यांना माहीत आहे, विश्वास बसेल. भावकीतलं दुसरं कुणी कोर्टात येऊन रोटाची गोष्ट काढणार नाही.

कौतिक पैलाडला गेला. धुरपदाबाई दारात मिलो निवडत बसली होती, श्वास घरघरत होता. त्याने सगळं सांगितलं, माफी मागितली, वकिलांचा तोडगाही सांगितला. तिने सूप खाली ठेवलं. तिला राग आलेला दिसला नाही.

"माले जेलम्हा जावू दे, भाऊ," ती म्हणाली. "पन मूठ नव्हती असं सांगू नको. मरेलनी मूठ काढतस. तो जित्ता शे."

तू जेलमध्ये मरशील, असं तो कळवळून म्हणाला. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. कौतिक परतला तेव्हा त्याचं काहीच ठरलं नव्हतं, आणि कोर्टाच्या पायऱ्या चढला तेव्हाही ठरलं नव्हतं.

थंडी कडाक्याची पडली होती त्या दिवशी. कोर्ट खचाखच भरलं होतं, कारण माणसं मूठ ऐकायला आली होती. निताईने आपला गुन्हा आधीच कबूल केला होता. त्याला परत पाठवायचा हुकूम तयार होता, आणि तो शिपायांमध्ये उभा होता. धुरपदाबाई आरोपीच्या जागी. पिंजऱ्याची दांडी धरून ती अशी खोकत होती की न्यायाधीशांनी तिला बसायला स्टूल द्यायला लावलं. कौतिकने ते पाहिलं. माझं म्हणणं विचाराल तर त्याची साक्ष त्या खोकल्याने ठरवली.

सरकारी वकिलांनी विचारलं की आरोपीने या परदेशी इसमाची मूठ रोटात टाकली हे तुम्ही बाजारोबाजारी सांगितलं की नाही? सांगितलं, कौतिक म्हणाला. मग ते खरं ना? कौतिकने एकदा मागे पाहिलं आणि तो म्हणाला, नाही. मूठ नव्हती. त्या बाईला त्यातलं काही ठाऊक नाही. मी भोंगेवाला माणूस, सिनेमाचं सांगतो तसं हेही सांगितलं. लोक जमत नव्हते, म्हणून रचलं. मुखवट्यावरचं फूल पडल्याचं सांगितलं तेही रचलेलंच, असं त्याने आपणहून जोडलं. ते खरोखरच रचलेलं होतं, त्यामुळे ते म्हणताना त्याच्या आवाजाला धार आली आणि बाकीचंही खरं वाटलं.

कोर्टात कुणीतरी हसलं, मग पुष्कळजण हसले. पारोळ्याहून आलेली एक बाई रडायलाच लागली. न्यायाधीशांनी कौतिकला चांगलं खडसावलं, देवाधर्माच्या नावाने लोकांना फसवलंस म्हणून. तो खाली मान घालून ऐकत राहिला. धुरपदाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर द्यायचं ठरलं.

सुट्टीत निताईला अंगणात लिंबाखाली बसवलं होतं. त्याच्या एका हाताला दोरी, दोरीचं टोक शिपायाच्या मुठीत, आणि दोन पावलांवर तोच हवालदार विडी ओढत उभा, जो बाजारात साध्या कपड्यात हिंडला होता. कौतिकला चुकवून जायचं होतं. पण निताईने हाक मारली. आवाजात राग नव्हता. कुठली तरी साधी गोष्ट विचारावी तसं त्याने विचारलं.

"मन्ही मूठ नव्हती का, काका?"

हवालदाराने विडी तोंडातून काढली. निकाल अजून लागायचा होता. कौतिकने निताईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ज्या माणसाला आयुष्यभर शब्द कमी पडले नव्हते त्याला त्या वेळी एकच सापडला.

"नव्हती," तो म्हणाला.

निताईने मान हलवली, समजलं अशी. इतके दिवस आपल्याला वाटत होतं ते आपल्याच मनाचं, परक्या भाषेतली गोष्ट आपण चुकीची समजलो, असं काहीसं त्याला वाटलं असावं. त्याला कोण सांगणार होतं की तू बरोबर समजला होतास?

धुरपदाबाई निर्दोष सुटली. तिने जाणूनबुजून लपवलं याला पुरावा नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं, आणि वकिलांनी लगेच सांगून टाकलं की आता बाकीच्या नोटिसाही उभ्या राहायच्या नाहीत. प्रकाशचंद शेटनी पेढे मागवले. चळवळ जिंकली होती, ती सगळ्यांना ऐकू गेली पाहिजे, म्हणून त्यांनी टांगा स्टेशनबाहेरच्या चौकात आणवला आणि कौतिकला वर चढवलं. त्याला चढायचं नव्हतं, पण नाही म्हणण्याचं बळही अंगात नव्हतं. त्याने भोंग्यातून सांगितलं की धुरपदाबाई सुटली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाजूने कुणीतरी ओरडून विचारलं, हे तरी खरं का रे? त्यावर मोठा हशा झाला.

तेवढ्यात शिपाई निताईला घेऊन चौकातून स्टेशनात गेले. भुसावळची गाडी लागली होती, तिथून पुढे कलकत्ता आणि मग सरहद्द. धुरपदाबाई त्यांच्या मागून चालत आली होती. फाटकावर तिला अडवलं. ती वळली आणि गर्दीतून वाट काढत टांग्यापाशी आली. थंड वाऱ्याने तिला धाप लागली होती. टांग्याचं चाक धरून ती आधी श्वास घेत राहिली.

"तुन्हा आवाज टेसनपावत जास," ती म्हणाली. "गाडी आजून शे. त्याले सांग, मूठ व्हती."

कौतिकने भोंगा उचलला. खाली उभ्या असलेल्या वकिलांनी ते ऐकलं होतं. त्यांनी पुढे होऊन भोंग्याच्या तोंडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले की सरकार वरच्या कोर्टात अपील करू शकतं, हवालदार तिथेच उभा आहे, आणि खोट्या साक्षीबद्दल तुम्ही तुरुंगात जाल ते वेगळंच. आज एक शब्द बोललात तर बाई उद्या पुन्हा आत जाईल. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. धुरपदाबाईलाही ते ऐकू गेलं, पण ती कौतिककडेच बघत राहिली, चाक न सोडता.

इंजिनाने शिटी दिली. वकिलांनी हात काढून घेतला. समोर माणसं तोंडं वर करून उभी होती, कौतिक आणखी काय सांगतो म्हणून. कौतिकने भोंगा स्टेशनकडे वळवला, तोंडाला लावला, आणि फलाटाच्या पार टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात, धुरपदाबाई निर्दोष सुटली, एवढंच परत एकदा सांगितलं.